तेवीस नंबरचे दार

संगणकाच्या कामात किस्से फार लवकर साठतात. एकाने सांगितलेला किस्सा दुसरा सांगतो तेव्हा त्यातले गाव बदलते, तिसरा सांगतो तेव्हा माणूस बदलतो. चूक तेवढी जिथल्या तिथे राहते. मी मित्रांना सांगितलेला एक किस्सा पुढे मलाच, दुसऱ्या जिल्ह्यात घडला म्हणून, ऐकवला गेला आहे. म्हणून पुढचे किस्से मी कधी आणि कोणाकडून ऐकले, एवढे आधीच स्पष्ट करून ठेवतो.

१९९९ च्या मे महिन्यातला पहिला सोमवार होता. बुद्ध पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मी तेव्हा सांगलीत संगणकशास्त्रात एम.एस्सी. करत होतो आणि प्रोजेक्टसाठी एका दूध संघाच्या संगणक विभागात जात होतो. संघाचे नाव मुद्दाम देत नाही. त्या दिवशी नेटवर्कचे काम पाहणाऱ्या सुनंदा कांबळे मॅडमबरोबर मला साताऱ्याच्या ऑफिसला जायचे होते. सांगली–सातारा एस.टी.त आणि मध्ये कराडच्या स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये, घरून आणलेल्या लाडवांचा डबा माझ्यापुढे सरकवत, मॅडमनी हे सगळे सांगितले. त्या स्वतः प्रत्येक ठिकाणी हजर होत्या. मी नव्हतो. एवढा फरक वाचकाने ध्यानात ठेवावा.

संघाचे मुख्य ऑफिस सांगलीत, दुसरे मोठे ऑफिस साताऱ्यात, दूध थंड करायची केंद्रे आटपाडी आणि म्हसवडला, आणि विक्रीचा डेपो पाचगणीला. प्रत्येक ठिकाणी आतले संगणक आणि बाहेरची लाइन यांच्या मध्ये एक जुना संगणक राखणीला उभा केलेला असे. त्याला फायरवॉल म्हणतात. संघात सगळे त्याला ‘भिंत’ म्हणत. भिंतीत दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. कोणत्या दारातून कोणाला आत घ्यायचे, याचे नियम भिंतीत एकाखाली एक ओळींनी लिहिलेले असतात. भिंत ते वरून खाली वाचते. जी ओळ आधी लागू पडेल ती मानते आणि तिथेच थांबते.

मॅडमनी मला हे फार सोपे करून सांगितले. “डेअरीवर रांग बघितलीयस ना? ज्याचा कॅन पुढं, त्याचं दूध आधी मोजतात. मागच्याचं कितीही चांगलं असू दे, त्याला थांबावंच लागतं. ओळींचंही तसंच.”

* * *

पहिला किस्सा मगदूम साहेबांचा. कारण साहेबांची ओळख झाल्याशिवाय बाकीचे कळणार नाही.

मगदूम साहेब संगणक विभागाचे प्रमुख. सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातले; ऊस आणि हळद पिकवणारे घर. साहेब इंजिनीअर झाले, विभागप्रमुख झाले, पण बोलणे बांधावरचे ते बांधावरचेच राहिले. विभागात ए.सी. असलेली एकच खोली होती आणि ती यंत्रांसाठी होती. तिथे कोणी आले की साहेब मान वर न करता म्हणत, “दार फुडं करा.” आमच्या भागात दार पुढे करणे म्हणजे कडी न घालता नुसते लोटून बंद करणे. इथे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. साहेबांच्या तोंडी तर हे वाक्य नमस्काराच्या जागी बसलेले होते.

एकदा संघाचे एम.डी. साहेब स्वतः खोली बघायला आले आणि दारातच उभे राहून बोलू लागले.

“दार फुडं करा,” मगदूम साहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

“मगदूम, मी आहे. एम.डी.”

“व्हय साहेब. पण गार वारं एम.डी. बघून थांबत न्हाई.”

एम.डी. आत आले आणि त्यांनी दार पुढे केले. मॅडम म्हणतात, त्या दिवसानंतर एम.डी. स्वतःच्या केबिनमध्येही दार पुढे करून बसू लागले.

* * *

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळे घडले ती.

१९९८ ची दिवाळी होऊन गेली होती. मॅडमना एक सवय होती. आपल्याच ऑफिसांच्या भिंतींना त्या बाहेरच्या बाजूने अधूनमधून ठोठावून बघत. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. तो नेमून दिलेले मोजके धोक्याचे नंबर एकेक वाजवत जातो आणि कुठून ‘या’ असे उत्तर येते ते दाखवतो. बाहेरून एकही उत्तर येऊ नये, अशी अपेक्षा. एका सकाळी साताऱ्याच्या भिंतीने तेवीस नंबरवर उत्तर दिले.

तेवीस हे साधे दार नव्हे. त्यातून आत आलेला माणूस दूर बसून संगणक असा चालवू शकतो, की जणू तो त्याच्यासमोरच बसला आहे. मॅडमनी ते ताबडतोब बंद करवले आणि तपासले. कोणीतरी नावे आणि पासवर्ड लावून बघितल्याच्या खुणा होत्या. आत कोणी शिरलेले नव्हते. पण साताऱ्याच्या संगणकावर हजारो दूध उत्पादकांची माहिती होती, आणि संचालक मंडळाला ‘शिरले नाही’ यापेक्षा ‘शिरू शकले असते’ हेच ऐकू गेले.

साताऱ्याचा संगणक वानखेडेच्या ताब्यात होता. तो अमरावतीकडचा, साताऱ्यात येऊन त्याला तीन महिने झाले होते, अजून कायम व्हायचा होता. त्याने काही लपवले नाही. तेवीसची जुनी ओळ यादीच्या अगदी तळाशी पडून होती. तिच्या वरच ‘बाहेरच्या कोणालाही आत घेऊ नका’ अशी ओळ असल्यामुळे तिची पाळी कधी येतच नव्हती. ती ओळ उचलून सगळ्यात वर आपणच ठेवली, हे त्याने कबूल केले.

“पण मगदूम साहेबांनीच सांगतलं जी,” तो म्हणाला. “फोनवर. मी तं दोनदा विचारून घेतलं.”

मगदूम साहेब म्हणाले, “मी ते बंद कराय सांगितलं. झोपलेली ओळ बी कधीतरी जागी हुईल, म्हणून सांगितलं. उघडाय कशाला सांगू?”

फोन झाला होता, यावर दोघांचे एकमत. तो दिवाळीच्या आधी, संध्याकाळी झाला होता, यावरही. चातुर्मास चालू होता आणि साहेबांच्या घरी त्या दिवसांत सूर्य मावळायच्या आत जेवण उरकत. म्हणून त्यांनी खांद्याला पिशवी अडकवून, उभ्या उभ्या चार वाक्यांत फोन उरकला होता. पुढे मात्र दोघांची वाट वेगळी. एक म्हणे, बंद करायला सांगितले. दुसरा म्हणे, सगळ्यांच्या आधी घ्यायला सांगितले. एकीकडे बावीस वर्षांची नोकरी होती आणि दुसरीकडे तीन महिन्यांची. कोणाचे खरे मानले जाणार, हे उघड होते.

एम.डी.नी वानखेडेला काढून टाकायचे ठरवले. एवढ्यावर भागत नव्हते. त्याच्या कागदावर ‘जाणूनबुजून’ हा शब्द लिहायचा होता. नेटवर्कच्या माणसाने दार जाणूनबुजून उघडले, असा शेरा एकदा लागला की त्याला पुढे कोणी भिंतीजवळ उभा करत नाही. मॅडमनी हे एम.डी.ना सांगून पाहिले. मग म्हणाल्या, “साहेब, एकाच घराचं दार उघडं आहे की सगळ्या गल्लीचं, ते तर बघू. तोवर तो शब्द लिहू नका.”

एम.डी.नी पंधरवडा दिला. मॅडम आणि मगदूम साहेब संघाच्या जीपमधून भिंती तपासायला निघाले. साहेबांनी बरोबर जायलाच हवे, असा मॅडमचा आग्रह होता. का, ते त्यांनी मला सांगितले नाही.

* * *

आटपाडी. केंद्राचे प्रमुख देशमुख अण्णा, निवृत्तीला आलेले. भिंतीत एकोणऐंशी नंबरचे दार सताड उघडे सापडले. या दारामागच्या सेवेला ‘फिंगर’ म्हणतात. म्हणजे बोट. दुरून कोणी विचारले की संगणकावर कोण बसले आहे आणि कधीपासून, हे ती बोट दाखवून सांगते.

“अण्णा, हे कशाला उघडं ठेवलंय?” मॅडमनी विचारले.

“त्ये व्हय? सांगलीचं सायेब लोक म्हणत्यात, आटपाडीला कुणी कामच करत न्हाई. म्हणलं, बघा मग. कोण कवापास्नं बसलंय त्ये समदं दिसतंय.”

“पण अण्णा, ते सांगलीलाच दिसतं असं नाही. बाहेरून कोणी आत डोकावला तर चोरालाही दिसेल.”

अण्णांनी यावर खरोखर विचार केला. “दिसू द्या की,” ते म्हणाले. “चोराला बी कळंल, हितं कोण ना कोण बसलेलं असतंय.”

मगदूम साहेब गालात हसले. मॅडमनी दार बंद केले. निघताना अण्णा जीपपर्यंत आले आणि खिडकीत वाकले.

“बंद केलंसा, ठीक हाय. आता सांगलीनं आमच्याकडं बोट दाखवलं, तर आमी काय दाखवायचं?”

जीप निघाली.

* * *

म्हसवडचा किस्सा खरे म्हणजे सांगलीच्याच भिंतीत सापडला. तिथे सात नंबरचे दार उघडे होते आणि रोज सकाळी त्यातून काहीतरी येऊन जात होते. सात नंबरचे काम एकच: जे पाठवाल तेच जसेच्या तसे परत देणे. विहिरीत हाक मारावी तसे. रोज येणारे ते ‘काहीतरी’ म्हसवडहून येत होते, म्हणून दोघे तिकडे गेले.

म्हसवड केंद्राचे क्लार्क माने यांनी न विचारताच दाखवले. सकाळी संगणक सुरू केला की ते इंग्रजी अक्षरांत टाइप करत: ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’. क्षणभराने खालच्या ओळीत तेच उमटे: ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’. मग माने हात जोडत आणि कामाला लागत.

“हितली लाइन लय बेभरवशाची, मॅडम,” माने म्हणाले. “आधी हाक मारून बघायची. जिती आसंल तर ओ देती. आन मारायचीच हाक, तर देवाच्या नावानं मारावी.”

“माने, हे दार कोणी उघडलं?”

“उघडंच हुतं की. मी आपला एक दिस वाजवून बघितलं, तर ओ आली.”

सांगलीला परतल्यावर मॅडमनी सात नंबर बंद केले. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी म्हसवडचा फोन.

“मॅडम, आज देवानं ओ दिली न्हाई. लाइन गेलीया, का आमचं काय चुकलंया?”

हे सांगून मॅडमनी लाडवांच्या डब्याचे झाकण लावले. मग म्हणाल्या, “मी ते दार परत उघडलं. फक्त म्हसवडपुरतं, बाकी कोणालाही नाही. त्या पंधरवड्यात सापडलेल्या सगळ्या दारांमध्ये जाणूनबुजून उघडलेलं दार एवढं एकच. आणि ते मी उघडलंय.”

* * *

पाचगणीला एकही दार उघडे सापडले नाही. हे वाक्य अचूक आहे, पण पुरेसे नाही.

डेपोचे व्यवस्थापक मोरे. पर्यटकांशी बोलून बोलून त्यांची भाषा हॉटेलसारखी झाली होती. ‘या, बसा, आधी थोडं क्रीम घ्या’ असे त्यांनी स्वागत केले. स्ट्रॉबेरीचा हंगाम नुकता सुरू झाला होता. मॅडमनी बाहेरून ठोठावले होते, पण भिंतीकडून ‘या’ही आले नव्हते आणि ‘येऊ नका’ही. म्हणून त्यांनी भिंत कुठे आहे ते विचारले.

मोरेंनी खिशातून किल्ली काढून भिंतीतले कपाट उघडले. आत, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला तो जुना संगणक. दोन्ही बाजूंना डांबराच्या गोळ्या.

“पर्यटकांची मुलं फार हात लावतात हो,” मोरे म्हणाले. “इतकी महत्त्वाची वस्तू, म्हटलं सुरक्षित जागी ठेवावी. शिवाय फ्रीझरला प्लग कमी पडत होता.”

“आणि लाइन?” मॅडमनी विचारले.

“ती थेट जोडून घेतली. अगदी सुरळीत चालते. आणि भिंतीचं म्हणाल तर पावसाळ्यापासून एकदाही बिघडलेली नाही.”

“बिघडंल कशी?” मगदूम साहेब म्हणाले. “तिला रजा दिलीया तुमी.”

मॅडमनी भिंत कपाटातून काढून पुन्हा मध्ये उभी केली. मोरे टॉवेलची घडी घालत शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. त्यांनी ती वस्तू मनापासून जपली होती. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे त्या सगळ्या फेरीत त्यांना निष्काळजी असा माणूस एकही भेटला नाही. प्रत्येक दार कोणाच्या तरी काळजीतूनच उघडे राहिलेले होते. मला हे विधान फार सर्वसाधारण वाटले आणि मी तसे म्हणालो. मॅडम म्हणाल्या, “सगळ्या जगाचं सांगत नाही रे. पाच गावांचं सांगतेय.”

* * *

साताऱ्याला ते सर्वांत शेवटी गेले. मीही नंतर ती जागा पाहिली आहे, म्हणून तिचे वर्णन माझ्या जबाबदारीवर देतो.

साताऱ्याच्या ऑफिसात संगणकाला खोली नव्हती. जिन्याखालच्या कोपऱ्यात टेबल, समोर हिरवा पडदा, आणि पाठीमागे एक खिडकी. ए.सी. नव्हता. दारही नव्हते. खिडकीच्या पलीकडे अंगण, आणि तिथे सकाळचे दूध घेणे चाले. वानखेडे रोज सकाळी लवकर येऊन त्या खिडकीला पाठ करून बसे.

मॅडम भिंत तपासत होत्या. वानखेडे बाजूला उभा राहून विचारलेल्याला तेवढे उत्तर देत होता. त्याने सामानाची बॅग आधीच भरून ठेवली आहे, हे त्यांना ऑफिसातल्या कोणीतरी सांगितले होते. मगदूम साहेबांशी तो बोलला नाही. साहेबही त्याच्याशी बोलले नाहीत. ते एका स्टुलावर खिडकीजवळ बसून राहिले.

बाहेर दूध मोजणारा माणूस ओरडत होता. “कॅन फुडं करा, फुडं करा. ओ पावनं, तुमचा न्हाई, त्येचा. हां, फुडं.” आणि एकेक कॅन फरशीवर घासत पुढे सरकत होता.

साहेब बराच वेळ ते ऐकत होते. मग त्यांनी, त्या दिवसात पहिल्यांदाच, वानखेडेला विचारले, “ह्यो दिवसभर असाच वरडतो?”

“सकाळभर ओरडते जी. पहिल्या दिवसापासून आयकून राह्यलो.”

“कुठं राहतोस?”

“लॉजवर. आमच्याच तिकडचे दोघं आहेत सोबतीले.”

साहेब ‘हं’ म्हणाले. एवढेच. परतीच्या वाटेवर ते कराडला चहालाही उतरले नाहीत. मॅडमना वाटले, साहेबांची तब्येत बरी नाही.

* * *

शेवटची बैठक एम.डी.च्या केबिनमध्ये, सांगलीत झाली. एम.डी., मगदूम साहेब, मॅडम, आणि साताऱ्याहून बोलावलेला वानखेडे. बाकी कोणी नाही. केबिनचे दार व्हरांड्यात, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारे आहे.

मॅडमनी पाच गावांचा अहवाल वाचला. एम.डी.नी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाले, “बाकीच्यांनी दारं उघडी ठेवली, ती अज्ञानानं. वानखेडेंना ओळींचा क्रम कळतो. वरची ओळ आधी वाचली जाते हे त्यांना ठाऊक होतं. हे खरं ना?”

“खरं आहे जी,” वानखेडे म्हणाला.

“म्हणजे कळून केलं.”

“सांगतलं म्हणून केलं.”

“मगदूम?”

“मी बंद कराय सांगितलं,” मगदूम साहेब म्हणाले. मग ते उठले, पाणी पिऊन येतो म्हणून व्हरांड्यात गेले, आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसले.

एम.डी.नी कागद पुढे ओढला. पेनचे टोपण काढले. वानखेडे आपल्या हातांकडे बघत होता.

दार अर्धवट उघडे होते. व्हरांड्यातून क्लार्क लोकांचे बोलणे आत येत होते. मगदूम साहेब मान वर न करता म्हणाले,

“वानखेडे, तेवढं दार फुडं कर गड्या.”

वानखेडे उठला. दारापाशी गेला. दोन्ही हातांनी त्याने ते समोर ढकलले. दार व्हरांड्यात गेले, आणखी गेले. त्याने मागे वळून विचारले,

“अगदी करू का, साहेब?”

“व्हय,” मगदूम साहेब म्हणाले. “पार.”

वानखेडेने ते पार बाहेरच्या भिंतीला टेकेपर्यंत नेले. सगळा व्हरांडा केबिनमध्ये बघू लागला. कोणीतरी हातातला चहाचा कप तसाच धरून उभे होते. वानखेडे दाराला धरून, पुढच्या हुकुमाची वाट बघत उभा राहिला.

एम.डी.नी पेन खाली ठेवले. त्यांनी दाराकडे बघितले.

“मगदूम,” त्यांनी विचारले, “त्या दिवशी फोनवर तुम्ही काय म्हणाला होता?”

“हेच,” मगदूम साहेब म्हणाले. “आन त्यानं बी हेच इचारलं हुतं.”

* * *

आमची गाडी साताऱ्याला पोहोचली तेव्हा आम्हाला घ्यायला वानखेडेच स्टँडवर आला होता. मी त्याला त्या दिवसाविषयी विचारले. त्याने मॅडमच्या सांगण्यातला शब्दही बदलला नाही. उलट एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली: बैठक सुरू होताना ते दार बंद होते. मॅडमनी स्वतः ते ओढून घेतले होते, त्याला पक्के आठवत होते. मॅडमही तेच म्हणाल्या. मधल्या वेळात आत-बाहेर केले ते फक्त मगदूम साहेबांनी. आणि साहेबांच्या हातून एखादे दार उघडे राहिल्याचे, त्यांच्या सगळ्या नोकरीत, मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी कोणालाही आठवत नाही.

शेवटी मी साहेबांनाच विचारले. सांगलीच्या त्या गार खोलीत, माझ्या मागचे दार नीट पुढे करून. त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“वारं असंल,” ते म्हणाले.

त्या दिवशी सांगलीत वारे होते की नव्हते, याची खात्री मला आजवर करता आलेली नाही.